दिवा लागायच्या आत

अप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, कायदा एका ओळीचा होता: मुलींनी दिवा लागायच्या आत घरात. भिंतीवर घड्याळ होतं, चांगलं चालणारं, पण या बाबतीत त्याला कुणी विचारत नसे. आई देवापुढं निरांजन लावायची, त्या ज्योतीवर कंदील पेटायचे आणि मग आम्ही तिघी बहिणी हात जोडून शुभंकरोती म्हणायचो. अप्पा बाहेर ओट्यावर खुर्चीत बसून ऐकायचे. तीन आवाज आले की ते एकदा घसा खाकरायचे. झाली हजेरी! एक जरी आवाज कमी पडला तर ते खाकरणं यायचं नाही, आणि मग त्या दिवशी जेवताना आमटीचा भुरका मारायचीसुद्धा चोरी.

आम्ही अंबरनाथला पश्चिमेला एका बैठ्या चाळीत राहायचो. अप्पा कारखान्याच्या कचेरीत होते. भोंगा झाला की सरळ घरी, कोट खुर्चीच्या पाठीला, टोपी कोटावर, आणि हातपाय धुऊन ओट्यावर. माणूस वाईट नव्हता हो, पण बोलायचा कमी, आणि न बोलणाऱ्या माणसाची धास्ती जास्त वाटते. आम्ही तिघी तीन तऱ्हेच्या. ताई सतरा वर्षांची, सालस, कुणी चिमटा काढला तरी आधी 'लागलं नाही ना तुझ्या नखाला' म्हणून विचारणारी. मी तेरा वर्षांची, भांडकुदळ. आणि धाकटी सहा वर्षांची, तिच्या पोटात पाणीसुद्धा राहायचं नाही तिथं गुपित काय राहणार?

ताई त्या साली मॅट्रिक झाली होती. आमच्या चाळीतली पहिली मुलगी. पेढे वाटून झाले, कौतुक झालं, आणि मग सगळे विसरले. ताई विसरली नव्हती. तिला टायपिंग शिकायचं होतं. कल्याणला एक क्लास होता, त्याची नवी तुकडी दिवाळीनंतर निघणार होती. टायपिंग आलं की कुठल्यातरी कचेरीत जागा मिळते, असं तिनं ऐकलं होतं. ती तोंडानं फारसं बोलायची नाही, पण परसात कपडे वाळत घालताना तिची बोटं दोरीवर टकटक चालायची. मला तेव्हा फार अक्कल होती अशातला भाग नाही, पण ही आता घरात मावत नाही एवढं मलाही कळायचं. आणि वाईट वाटायचं. खूप वाईट वाटायचं.

आई अप्पांच्या मागं लागली. आठ दिवस लागली, पंधरा दिवस लागली. शेवटी ते म्हणाले, "कोजागिरीपर्यंत बघतो. तोवर एकदाही दिव्यानंतर घरी आली नाही, तर घालू नाव. एकदा जरी उशीर झाला, तर पुन्हा विषय काढायचा नाही."

कोजागिरीच का? तर तोवर भोंडले चालतात, आणि भोंडल्याच्या दिवसांत चाळीतल्या साऱ्या पोरी उधळलेल्या असतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. परीक्षा घ्यायची तर पेपर अवघडच काढायचा, असा त्यांचा खाक्या.

त्यात आणखी एक गोम होती. क्लासची सकाळची तुकडी भरलेली होती. उरली होती ती संध्याकाळची, आणि ती सुटून गाडीनं अंबरनाथला पोचायचं म्हणजे घरोघर दिवे लागून चांगलाच वेळ झालेला असणार. हे ताईला माहीत होतं आणि मला माहीत होतं. अप्पांना सांगायचं कुणी? "आधी हो तर म्हणू देत," असं ताई म्हणायची आणि नखं खात बसायची.

तर भोंडला. मधोमध पाटावर हत्ती काढायचा, त्याला फुलं वाहायची, भोवती फेर धरून गाणी म्हणायची. हे सगळं आम्ही करायचो, पण खरं सांगू? आमचा जीव असायचा खिरापतीत. ज्या घरचा भोंडला त्या घरच्या बाईनं काहीतरी खायला करायचं, डब्यात बंद करून आणायचं, आणि आम्ही ते ओळखायचं. गोड की तिखट, ओलं की कोरडं, असले प्रश्न विचारायचे, डबा कानाशी धरून हलवायचा, आवाजावरून अंदाज बांधायचा. ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही आणि फेरातून उठायचं नाही. अगदीच जमेना तर सगळ्यांनी मिळून 'हरलो' म्हणायची सोय होती. पण ते म्हणजे नाक कापून हातात देणं. आमच्या चाळीनं कुणाच्याही दारात कधी 'हरलो' म्हटलं नव्हतं.

माझ्या वर्गात एक सिंधी मुलगी होती, माझी अगदी जिवाभावाची. कॅम्पात राहायची. उल्हासनगर हे नाव कागदावर आलं होतं, आमच्या तोंडी मात्र कॅम्पच. लढाईच्या वेळी सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, त्यात गोणपाटाचे पडदे लावून संसार थाटलेले. ती दर वर्षी आमच्या भोंडल्याला यायची, आमच्याहून मोठ्यानं गायची, आणि खिरापत ओळखायची वेळ आली की तोंडात मारल्यासारखी गप्प बसायची. बिचारीनं साटोरी कधी पाहिलेली नाही, खांतोळी हे नाव ऐकलेलं नाही, वाटली डाळ म्हणजे काय तिला काय ठाऊक! आम्ही दुष्ट पोरी तिला चिडवायचो. त्या वर्षी ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "परवा भोंडला आमच्याकडे. माझी आई करते खिरापत. ओळखून दाखवा, मग बोला!"

झालं. चाळीची अब्रू पणाला लागली.

आता कॅम्पात जायचं म्हणजे रुळाच्या कडेच्या पायवाटेनं अर्धा तास. अप्पांनी 'कॅम्पात जायचं नाही' असं कधी म्हटलं नव्हतं, कारण आम्ही तिकडे जाऊ हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आईला मी सगळं खरं सांगितलं. आई म्हणाली, "ताई बरोबर असेल तरच जा. आणि दिव्याच्या आत." ताई आधी नाहीच म्हणत होती. तिचा क्लास टांगणीला लागलेला, कोजागिरीला दोन दिवस उरलेले, तिनं कशाला जावं? पण मी रडले. मला हवं तेव्हा रडता यायचं, ही एक विद्या मला जन्मजात होती. "बरं बाई, चल," ताई म्हणाली. "पण उजेड आहे तोवर निघायचं, काय?"

"देवाशप्पथ," मी म्हटलं.

चाळीतल्या आम्ही सात-आठ जणी निघालो. बराकीच्या दारात माझी मैत्रीण आणि तिची आई दोघी वाट बघत उभ्या. त्या माउलीनं काय काय केलं होतं म्हणून सांगू! पुढचं अंगण शेणानं सारवलेलं. घरात पाट नव्हता, म्हणून सिंधमधून आणलेली लोखंडी ट्रंक बाहेर काढून तिच्या झाकणावर खडूनं हत्ती काढलेला. हत्ती कसला, सोंड लावलेली म्हैस होती ती! पण तिला चारी पायांत पैंजण, पाठीवर झूल, झुलीवर निळ्या-लाल रंगाच्या पुडीनं भरलेली नक्षी. आमच्या चाळीत इतका नटवलेला हत्ती कुणी जन्मात काढला नव्हता. आजूबाजूच्या बायका पापड लाटायचं सोडून बघायला आल्या. आम्ही फेर धरला. दुसऱ्या गाण्यापासून त्या बायकाही आत शिरल्या, शब्द येत नसताना नुसत्या टाळ्या देत, हसत, एकमेकींना ढकलत. मी पुष्कळ भोंडले खेळले, पण इतका आनंद मला कुठं मिळाला नाही. ताईसुद्धा वेणी सुटेपर्यंत नाचली.

मग डबा आला. पितळेचा, घट्ट झाकणाचा. मैत्रिणीनं आपल्या आईला नियम नीट शिकवून ठेवले होते, आणि आईनं ते वेदवाक्य मानले होते. ती डबा मांडीवर घेऊन, दोन्ही हात झाकणावर दाबून बसली. म्हणाली, "पहले बताओ. फिर खाओ. फिर जाओ."

"गोड की तिखट?"

"तिखट!" मैत्रीण म्हणाली.

"तळलेलं?"

"तळलेलं!"

मी तिच्या मांडीवरच डबा हलवला. खुळखुळ आवाज आला, हलका, कुरकुरीत. "चकली!" नाही. "कडबोळी!" नाही. "शेव, चिवडा, शंकरपाळे, बटाट्याचे काप, केळ्याचे काप, सुकट?" सुकट म्हणणारीला ताईनं चापटी मारली. नाही, नाही, नाही. आम्हाला येत होते तेवढे सगळे पदार्थ संपले. मग आम्ही न येणारेही म्हणून पाहिले. मैत्रीण नुसती टाळ्या पिटत होती. "भोकं आहेत त्याला," तिनं मोठ्या मनानं मदत केली. "खूप भोकं."

"अनारसा! जाळी! चाळणी!" एकजण रागानं म्हणाली.

"पाण्यात होतं," मैत्रीण म्हणाली.

भोकं असलेलं, पाण्यातलं, तळलेलं. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. आणि तेवढ्यात माझं लक्ष ताईकडे गेलं. ती डब्याकडे बघत नव्हती. ती आभाळाकडे बघत होती. बराकींच्या मागं ऊन कधीच उतरलं होतं. तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "पुरे. हरलो म्हणा सगळ्या."

सगळ्या म्हणाल्या. मी म्हटलं नाही. माझ्या जिभेला तो शब्दच यायला तयार नव्हता. आणि त्या माउलीनं झाकणावरचा हात काढला नाही, कारण नियम असा की सगळ्यांनी म्हणायचं. "ये लडकी नहीं बोली," तिनं हसत माझ्याकडे बोट दाखवलं.

"अगं म्हण ना!" ताईचा आवाज चिरकला. ताईचा आवाज चिरकलेला मी पहिल्यांदाच ऐकला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग मात्र मी डोळे मिटून ओरडले, "हरलो, हरलो, हरलो!"

बराकीत असा काही जल्लोष उठला! डबा उघडला. आत गोल गोल चकत्या, प्रत्येकीला फुलासारखी भोकं, वर लाल तिखट आणि मीठ. कमळकाकडी! कमळाचं देठ, चिखलातलं. आम्ही अंबरनाथच्या पोरी, कमळ देवाला वाहतात एवढं माहीत, त्याचं देठ तळून खातात हे कुणाला सुचणार? मी एक तोंडात टाकली. काय सांगू! हरल्याचं दुःख त्या कुरकुरीत चकतीत विरघळून गेलं. पण ताईनं मला बसू दिलं नाही. मैत्रिणीच्या आईनं माझ्या परकराच्या ओच्यात दोन मुठी कोंबल्या आणि आम्ही दोघी पळत सुटलो. बाकीच्या मागं रेंगाळल्या. त्यांच्या घरी अप्पा नव्हते.

रुळाच्या कडेनं आम्ही जीव खाऊन पळत होतो. चंद्र वर आला होता, वाट लख्ख दिसत होती. आणि तीच पंचाईत झाली, कारण वाटेबरोबर पुढचंही सगळं दिसत होतं. वस्ती जवळ आली तसे दिवे दिसायला लागले. एका खिडकीत, दुसऱ्या खिडकीत, मग ओळीनं. ताई पळता पळता थांबली.

"लागले," ती म्हणाली.

"अगं, दुसऱ्यांचे लागलेत. आपला नसेल लागला."

"वेडी आहेस का तू?" ती म्हणाली, आणि मग तिथंच उभी राहून, हुंदका न देता, नुसती ढळाढळा रडली. मी ओच्यातली एक चकती काढून तिच्यापुढं धरली. तिनं ती घेतली, रडत रडत खाल्ली, आणि म्हणाली, "चांगली आहे गं." मग आम्हाला दोघींना हसू आलं. कशाचं आलं देव जाणे.

"मागून जाऊ," मी म्हटलं. "परसातून शिरू. अप्पा ओट्यावर असतात. शुभंकरोती चालू असेल तर मधूनच आवाज मिसळायचा."

चाळीच्या तोंडाशी आलो आणि बघतो तो काय! सगळ्या खोल्यांत उजेड, मधलं आमचं घर तेवढं काळंकुट्ट. घरात काही झालं की काय? कोपऱ्यावरून डोकावून पाहिलं. ओट्यावर खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवर कोट दिसत होता, कोटावर टोपी. म्हणजे अप्पा होते. काळोखात बसले होते.

आम्ही चपला हातात घेतल्या आणि घरांच्या मागच्या बाजूनं निघालो. तिथं तारेचं कुंपण होतं, त्याला एके ठिकाणी वाकायला जागा होती. मी सुटले, ताईचं पातळ अडकलं. मी ओढतेय, ती 'फाटेल, फाटेल' म्हणतेय, आणि शेजारच्या काकू मोरीच्या कट्ट्यावर भांडी घासत सगळं निवांत बघतायत! मी त्यांना हात जोडले. काकूंनी राखेचा हात तसाच ओठांवर ठेवला, पातळ तारेतून सोडवून दिलं आणि मुद्दाम पातेली आपटायला लागल्या, म्हणजे आमच्या पावलांचा आवाज येऊ नये. त्या बाईचे उपकार मी विसरले नाही.

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं तर आई देवापुढं बसलेली, मांडीवर धाकटी. चुलीतल्या निखाऱ्याचा तेवढा उजेड.

"आलात?" आई कुजबुजली.

"आई, दिवा?"

"काडेपेटी सापडत नाही," आई मोठ्यानं म्हणाली, बाहेरच्या खुर्चीला ऐकू जाईल अशी. आणि मूठ उघडली. मुठीत काडेपेटी होती, घामानं ओली झालेली. काडेपेट्यांचा कारखाना ज्या गावात, त्या गावात माझ्या आईला इतका वेळ काडी सापडली नव्हती! "दिवा लागायच्या आत आलात," ती हळूच म्हणाली. "चला, हातपाय धुवा." मग पुन्हा मोठ्यानं, "सापडली हो!"

तिनं काडी ओढली. निरांजन लागलं, कंदील लागले. आम्ही हात जोडले आणि काय सांगू, त्या दिवसासारखं शुभंकरोती आम्ही उभ्या आयुष्यात म्हटलं नसेल. कान बाहेर लावून, प्रत्येक अक्षर ठणठणीत. संपलं. आम्ही थांबलो.

खाकरणं आलं नाही.

ताईचा चेहरा पांढरा पडला. आईनं पदरानं कपाळ टिपलं. मी दाराच्या फटीतून डोकावले. खुर्चीवर कोट होता, टोपी होती, आणि खुर्चीत कुणी नव्हतं.

"अप्पा नाहीत!"

"अगंबाई, गेले कुठं? कधी गेले?"

"कॅम्पात," धाकटी म्हणाली.

आम्ही तिघी तिच्याकडे वळलो.

"मला विचारलं, कुठे गेल्या? मी सांगितलं. मग ते चप्पल घालून गेले. मला म्हणाले, आईला सांगू नको." ती क्षणभर विचारात पडली. "आई, मी तुला नाही सांगितलं. मी यांना सांगितलं."

आई मटकन खाली बसली. ताईनं पाटावर बसून गुडघ्यांत डोकं घातलं. संपलं होतं. क्लास गेला, आणि वर आईचं काडीचं नाटकही उघडं पडणार. अप्पा मोठ्या रस्त्यानं गेले असणार, आम्ही रुळाकडेनं आलो, म्हणून चुकामूक झाली. आता ते पुढच्या दारानं येणार, खुर्ची आत घेणार आणि तोंडातून एक शब्द काढणार नाहीत. त्यापेक्षा दोन मारले असते तर बरं, असं मला वाटलं.

आम्ही पुढच्या दाराकडे डोळे लावून बसलो होतो. आणि करकरलं ते मागचं दार.

आधी आत आला एक हात, त्या हातात चपला. मग पाय, घोट्यापर्यंत चिखल. मग अप्पा. चोरासारखे, श्वास धरून, दार दोन्ही हातांनी हळूच लोटत, पाठ आमच्याकडे करून. काखेत वर्तमानपत्राचा एक पुडा. सदऱ्याच्या बाहीला तारेचा ताजा खोंबारा. दार लागल्यावर ते वळले, आणि कंदिलाच्या उजेडात आम्ही चौघी त्यांच्याकडे टक लावून बसलेल्या.

धाकटी म्हणाली, "अप्पा, दिवा लागला!"

मी ओठ असे चावले की रक्त यायचं बाकी राहिलं. अप्पांनी हातातल्या चपलांकडे पाहिलं. "पाय धुवायला गेलो होतो," ते म्हणाले. चिखलानं भरलेले पाय घेऊन! आईनं तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले.

"पुड्यात काय आहे?" धाकटीनं विचारलं.

अप्पांनी पुडा तिच्या हातात दिला. तेलानं कागद पारदर्शक झाला होता. "बाई सोडेना," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "म्हणे, आधी ओळखा. मी म्हटलं सुरण."

मग मात्र मला आवरेना. मी हसले, आई हसली, भिंतीपलीकडून काकूंच्या हसण्याचाही आवाज आला. त्या तोवर पातेली आपटत होत्याच. फक्त ताई हसली नाही. ती उठून उभी राहिली.

"अप्पा," ती म्हणाली, "आज आम्हाला उशीर झाला. आईनं दिवा मुद्दाम लावला नव्हता. तो धरू नका. आम्ही दिव्यानंतर आलो."

मी तिचं पातळ ओढलं. अगं, सुटलो होतो आपण! पण ती थांबली नाही.

"आणि क्लास संध्याकाळचा आहे. सकाळची तुकडी भरली. मला रोजच उशीर होणार. मी हे तुमच्यापासून लपवलं." ती खाली बघत नव्हती. "मला शिकायचंय, अप्पा. फार शिकायचंय. पण असं चोरून नको."

अप्पा पाय न धुता तसेच पाटावर बसले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "तिथं पोचलो तर तुम्ही गेलेल्या. बाई म्हणाली, रुळाच्या वाटेनं गेल्या. मग मीही त्याच वाटेनं परत आलो. एक गाडी गेली माझ्याजवळून." ते थांबले. "मला पुढं बघवेना. तुम्ही त्या वाटेवर कुठं... छे."

आई हसायची थांबली.

"मला भीती वाटते गं," अप्पा ताईला म्हणाले. "बाकी दिवा-बिवा काही नाही. काळोख पडला आणि तुमच्यातली एक जरी घरात नसली, तर मला खुर्चीत बसवत नाही. एवढंच आहे ते."

आमच्या वडिलांना कशाची भीती वाटते, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. ताई त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. धाकटी एव्हाना अर्धा पुडा संपवून बसली होती.

कोजागिरी झाली. दूध आटवलं, प्यायलो, अप्पा गप्प. दिवाळी आली, फराळ झाला, अप्पा गप्पच. ताई विचारेना, आई विचारू देईना. भाऊबीज झाल्यावर एका रविवारी अप्पा कोट-टोपी घालून सकाळीच बाहेर पडले, ते दुपारी परत आले. जेवताना ताईला म्हणाले, "पहिली ओळ यायला आठवडा लागतो म्हणाला तो मास्तर. बोटं सगळी वापरायची. उद्यापासून जायचं." ताईच्या ताटात आईनं आणखी भात वाढला, आणि तो खारट झाला असणार, कारण ताई त्यात चांगलीच रडत होती. मी तर आनंदानं अशी ओरडले की काकू ताट सोडून आल्या.

दुसऱ्या दिवशी ताई निळं पातळ नेसून, घट्ट वेणी घालून कल्याणला गेली. संध्याकाळ झाली. चाळीत एकेक खोली उजळली. निरांजनात तूप-वात घालून आई काडेपेटी हातात घेऊन दारात आली. "अहो, लावू ना?" तिनं विचारलं.

"थांब," अप्पा म्हणाले.

आई थांबली. मी आणि धाकटी ओट्याच्या पायरीवर बसलो होतो. रस्त्यावरची माणसं दिसेनाशी व्हायला लागली. पलीकडे एक गाडी थांबून निघाल्याचा आवाज आला. ती ताईची नव्हती. समोरच्या खोलीतले काका कंदील घेऊन बाहेर आले, आमच्या काळ्या घराकडे बघत उभे राहिले आणि शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "काय हो, बरं आहे ना सगळं? आज तुमच्याकडे दिवा नाही लागला?"

अप्पांनी खुर्ची जराशी रस्त्याकडे वळवून घेतली.

"आमच्याकडे अजून संध्याकाळ व्हायचीय," ते म्हणाले.